सहा एक्कावन्नच्या अक्षता

आमच्या स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त दुपारी बारा वाजून वीस मिनिटांचा होता. अक्षता पडल्या दीड वाजता. उशीर झाला तो सासरच्यांमुळे. आत्तींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, थोरला भाऊ देवळापासून मांडवापर्यंत नाचत आला आणि तेवढ्या शंभर पावलांना त्याला एक तास लागला. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. पहिली दहा वर्षं धाडस नव्हतं. पुढं तो मामा वारला, मग मेलेल्या माणसाच्या नाचाबद्दल काय बोलायचं.

खापर मात्र माझ्यावर फुटलं. म्हैस गाभण राहिली नाही की आत्ती म्हणायच्या, "मुहूर्त हुकल्यालं लगीन, दुसरं काय हुणार." बोअरला पाणी लागलं नाही, मुहूर्त. आमच्या ह्यांचा पाय एसटी स्टँडवर मुरगळला, मुहूर्त. एकदा गावच्या निवडणुकीत आत्तींच्या पसंतीचा माणूस पडला, तेव्हासुद्धा त्यांनी चुलीपुढं भाकरी थापत बसलेल्या माझ्याकडं बघितलं. ह्याचं मला हसू येतं. पण लग्नानंतर सहा वर्षं मला मूल नव्हतं, तेव्हाही त्या हेच म्हणायच्या, आणि चार बायकांत बसून म्हणायच्या. त्याचं हसू येत नाही. सहा वर्षांनी मुलगी झाली. तिला मांडीवर घेतलं तेव्हाच मी ठरवलं की हिच्या लग्नाच्या अक्षता मिनिटावर पडल्या पाहिजेत. हिला कुणी, कधी, कशावरून असं बोलता कामा नये.

हे मी पोटातच ठेवलं. मी चौथी शिकलेली, आणि चार माणसं जमली की माझी जीभ टाळूला चिकटते. पोरीच्या कॉलेजच्या वहीत मागची पानं कोरी राहिली आहेत, त्यांत लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून सगळं लिहिता येतं.

पोरीचं जमलं ते कागलच्या पलीकडच्या गावात. मुलगा पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, घरी चार म्हशी, माणसं मोकळी. पत्रिका जुळली. पाडव्यानंतरच्या रविवारी मुहूर्त काढायला आमच्या उचगावच्या घरी सोप्यात बैठक बसली. व्याही, विहीणबाई, भटजीकाका, आमचे हे, आणि खुर्चीवर आत्ती. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.

ह्यांनी सुरुवातच अशी केली, "काका, हॉल धरलाय, आचारी सांगितलाय, बेंजोवाल्याला सुपारी दिलीय. तुम्ही फकस्त मुहूर्त काढा."

काकांनी उघडलेलं पंचांग मिटलं. "म्हंजे टोपी शिवून झाली, आता तिच्या मापाचं डोकं शोधायचं व्हय?"

"वैशाखात दुसरी तारीखच मोकळी न्हाय कुठल्या हॉलला. ही एक गावली."

"गावली खरं. पण त्या दिवशी मुहूर्त हाय का न्हाय, ते मी ग्रहांना इचारू का हॉलच्या मॅनेजरला?"

व्याही हसले. हे काही हसले नाहीत, कारण चूक त्यांची होती. काकांनी पंचांग पुन्हा उघडलं. त्याची पाठ निघाली होती, म्हणून ते मांडीवर दोन्ही हातांनी सांभाळून धरलं होतं. मग ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. सगळे त्यांच्या बोटांकडं बघत होते. माझ्या हातातल्या ट्रेमध्ये चहावर साय धरली तरी कुणी कप उचलेना. आत पोरगी मोबाईलवर टाईप करत बसली होती, नवऱ्या मुलाला दर मिनिटाची खबर जात होती.

"दुपारचं काय खरं न्हाय," काका म्हणाले. "सकाळी एक हाय. आठ बारा."

"आठ बारा?" व्याही म्हणाले. "आमच्या पावण्यांच्या आंघोळ्या सुरू हुत्यात आठ बाराला."

"मग एकच राहतोय. गोरज. सहा वाजून एक्कावन्न मिनिटं. गाईगुरं रानातनं घरला येताना धूळ उडती, ती वेळ. ह्या वेळंला बाकीचं दोष फार कुणी बघत न्हाय. लई चांगली वेळ हाय."

पुरुषांना ती वेळ एकदम पसंत पडली. उन्हाचा त्रास नाही, लाइटिंग उठून दिसेल, फोटो चांगले येतील. हे म्हणाले, "झालं तर मग, साखर वाटा."

मी विहीणबाईंकडं बघितलं आणि त्यांनी माझ्याकडं. आमची ती दुसरीच भेट. पण दोघींच्या मनात एकच आलं, हे मला त्यांच्या भुवईवरून कळलं. गाईगुरं घरला येतात, बरोबर आहे. पण आली की त्यांच्या धारा काढाव्या लागतात. आमच्याकडं घरटी दोन-तीन म्हशी. सहाला धारेला बसायचं, सातला दूध डेअरीला घालायचं, मग हातपाय धुऊन माणूस मोकळं. म्हैस काही थांबत नाही, आणि हात बदलला तर पान्हाही सोडत नाही. म्हणजे आमच्या गल्लीतलं आणि त्यांच्या गावातलं माणूस धार काढून, दूध घालून, पातळ बदलून हॉलवर पोचणार आठला. सहा एक्कावन्नला हॉलमध्ये भटजी, आचारी आणि आम्ही. मग कुणीतरी म्हणणार, थांबा की जरा, पावणं येऊ देत. ह्या एका वाक्यानं आमच्याकडचे किती मुहूर्त खाल्ले आहेत.

"आणि धारा?" विहीणबाई म्हणाल्या.

"धारांचं काय एवढं," व्याही म्हणाले. "काढील कोणतरी."

"कोणतरी म्हंजे कोण? कोणतरी बी लग्नालाच येणार की."

तेवढ्यात आत्ती खुर्चीवरून म्हणाल्या, "हुतोय थोडा उशीर. ह्या घरात लगीन वेळंवर लागल्यालं मी तर कधी बघितलं न्हाय." आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं.

"धारा आधी काढूया," मी म्हणाले.

हे मागं वळून बघायला लागले, कोण बोललं म्हणून. आता बोललेच होते, तर पुढचं मी ट्रेकडं बघून बोलले, "रोज दहा मिनिटं आधी बसायचं धारंला. म्हशीला कळतबी न्हाय. दहा दिवसांत ती साडेचारला पान्हा सोडती. आधी केलंय मी, पोरीच्या परीक्षेला."

मला वाटलं आता जमीन दुभंगावी. मग काका म्हणाले, "पंचांगात असं कुठं लिवल्यालं न्हाय. पण लिवायला पायजे हुतं."

"डेअरी सहाला उघडती," ह्यांनी खोडा घातला.

"डेअरीचा सेक्रेटरी लग्नाला येणार न्हाय व्हय?" विहीणबाई म्हणाल्या. "का त्यो उपाशी झोपणार हाय?"

झालं. साखर वाटली. गार चहा सगळे गोड मानून प्यायले. विहीणबाई कप ठेवायला म्हणून आत आल्या आणि माझं मनगट धरून म्हणाल्या, "ईनबाई, तुमास्नी आवाज हाय की."

मी दिवसभर ते मनातल्या मनात म्हणत होते. भाकरी करपली.

पुढचं काम अवघड होतं. लग्नाचं आमंत्रण द्यायला घरोघरी जायचं, कुंकू लावायचं, पत्रिका द्यायची, एवढं ठीक. पण त्याच्या जोडीला सांगायचं की बाई, अमुक तारखेपासून रोज दहा मिनिटं आधी धार काढ. पहिल्या तीन घरी पोरगी बोलली, मी मागं उभी. चौथ्या घरी ती फोनवर बोलत बाहेरच राहिली, मुद्दाम राहिली असं मला अजून वाटतं. मग मला बोलावंच लागलं. त्या घरच्या म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लगीन पोरीचं हाय का म्हशीचं?"

"दोघींचं," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसं निघालं ठाऊक नाही. म्हातारी इतकी हसली की तिच्या सुनेनं पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळीकडं तेच. भेटेल ती बाई विचारायची, "नवरी किती वाजता पान्हावली आज?"

दहा दिवस आधी सुरुवात झाली. पहिल्या दिवशी सहाच्या ऐवजी पाच पन्नास. म्हशीनं कान हलवले आणि दूध दिलं. मग पाच चाळीस. पाच तीसला आमची एक म्हैस अडली, तिला मी आंबोणात मूठभर पेंड जास्त टाकली आणि पाठीवर हात फिरवत बसले. पाच वीस. रोज संध्याकाळी विहीणबाईंचा फोन यायचा.

"आमच्या तिघी पाच वीसला आल्या. चवथी मारकी हाय, ती पाच पंचवीसच्या आत ऐकत न्हाय."

"तिला सरकी घाला थोडी."

"घातली. खाऊन पुन्हा पाच पंचवीसच."

मी फोनवर एवढं कधी बोलले नव्हते. फोन आला की मी ह्यांच्याकडं द्यायची. आता सात वाजले की चुलीजवळ फोन घेऊन बसायची. हे म्हणाले, "पोरगीबी एवढी बोलत न्हाय नवऱ्याशी." आत्ती सगळं ऐकत असायच्या. एकदा म्हणाल्या, "म्हशी येतील वेळंवर. माणसांचं सांगा."

लग्नाच्या दिवशी पाचला डेअरीपुढं जी रांग लागली ती मी जन्मात विसरणार नाही. निम्म्या बायका जरीच्या पातळात, डोक्यात गजरा, हातात किटली. पुरुष फेटा बांधून कॅन धरून उभे, फेट्याचा तुरा दुधात बुडू नये म्हणून मान मागं. सेक्रेटरी स्वतः सफारी घालून काट्यावर बसला होता आणि दूध मापताना बाहीवर एक थेंब उडाला तर म्हणत होता, "हळू घाला की ओ, आज मी बी पावणा हाय." मी धार जुन्याच पातळात काढली. नव्या शालूच्या वासाला म्हैस बुजली असती.

सव्वासहाला हॉल भरला. खरंच भरला. खुर्च्या पुरेनात. भटजीकाका स्टेजवरून बघत होते. ह्यांना जवळ बोलावून म्हणाले, "पावणं, तुमचा मुहूर्त खरा सांगितलाय ना पत्रिकेत? का लोकांना पाचचा सांगितला?" पोरगी आत पिवळ्या पातळात तयार होऊन बसली होती आणि तिला घाम येत होता म्हणून तिची मामी तिला पत्रिकेनं वारा घालत होती. मी हॉलच्या घड्याळाकडं बघायची, मग काकांच्या मनगटाकडं, मग पुन्हा घड्याळाकडं. सगळं जमलं होतं.

फक्त नवरा मुलगा नव्हता.

नवरदेव मारुतीला जाऊन वाजतगाजत हॉलवर येतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. परण्या निघाला होता पाचला. सहा तीसला तो हॉलच्या फाटकापासून दोनशे पावलांवर होता. बेंजो दणाणत होता, आणि मुलाच्या कंपनीतली सगळी शिफ्ट घोड्यापुढं नाचत होती. सहा पस्तीसला तो दोनशे पावलांवरच होता. हे त्यांना आणायला गेले. सहा चाळीसला मी फाटकात येऊन बघते तर हे मधोमध, दोन्ही हात वर, डोळे मिटून.

विहीणबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "माझंच पोरगं," त्या म्हणाल्या, "आणि माझंच ऐकणार न्हाय. दोनदा जाऊन आलो. मला बी नाचायला वढत्यात."

पहिल्या रांगेत आत्ती बसल्या होत्या. मी आत वळून घड्याळ बघायला गेले तेव्हा त्यांच्या समोरून गेले. त्या कुणाला उद्देशून बोलल्या नाहीत, सरळ समोर बघत म्हणाल्या, "चाळीस झालं. आता काय. ह्या घरची रीतच हाय."

मी बाहेर गेले. शालू दोन्ही हातांनी वर धरला आणि रस्त्यावरून चालत सुटले. माझ्या मनात होतं की घोड्याजवळ जायचं, मुलाला हात जोडायचे आणि म्हणायचं, बाबा चल. पण जवळ जाताच येईना. तिथं एवढी माणसं, आणि बेंजो असा की माझं मलाच ऐकू येईना. मी दोनदा "अहो" म्हणाले. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि जे बाहेर पडलं ते मी ठरवलेलं नव्हतं.

म्हैस तळ्यात जाऊन बसली की तिला बाहेर बोलवायची एक हाळी असते. प्रत्येक घराची थोडी वेगळी, पण असते. ती पोटाच्या तळापासून काढावी लागते, कारण पाण्यात म्हशीचे कान मिटलेले असतात. ती हाळी मी नवरदेवाला दिली. "हो ऽऽ ये. हो ऽऽ ये. हो ऽऽ ये."

बेंजो थांबला. वाजवणाऱ्याचे हात तसेच वर राहिले. नाचणारे सगळे एकदम वळले, आणि त्यांच्यातले बरेचसे कसे वळले ते मी बघितलं. गोठा असलेल्या घरची पोरं ती, त्यांना ती हाळी रक्तातून माहीत. आपल्याला कुणी बोलवतंय अशी वळली. घोडं आपणहून चार पावलं पुढं आलं. आमच्या ह्यांनी डोळे उघडले आणि हात खाली घेतले.

त्या शांततेत मी शालू धरून उभी. घोड्यावरचा मुलगा माझ्याकडं बघत होता. मग तो मुंडावळ्या हातानं बाजूला करून म्हणाला, "आलो, आलो, मामी," जावई सासूला मामीच म्हणतो आमच्याकडं, आणि टुणकन खाली उडी मारून पळत सुटला. तलवार खाली पडली ती त्याच्या मित्रानं उचलली. मागून घोडं, त्यामागं कंपनीची शिफ्ट, त्यामागं बेंजोवाले, सगळे पळत हॉलमध्ये. ह्यांना मी म्हणाले, "चला," आणि ते चालले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ते माझ्या मागून चालत होते.

अंतरपाट धरला तेव्हा सहा चव्वेचाळीस झाले होते. मुलगा अजून धापा टाकत होता. काकांनी मंगलाष्टकं सुरू केली, एक डोळा मनगटावर. गाणाऱ्या बायकांपैकी एकीनं शेवटचं कडवं लांबवायला घेतलं, तिला त्यांनी हातानं आवरायला सांगितलं. मी ओठांत मिनिटं मोजत होते. मग काका म्हणाले "सावधान", अंतरपाट खाली आला, आणि अक्षता पडल्या. माझ्या मुठीतल्या मात्र मुठीतच राहिल्या. मी टाकायच्या विसरले, काकांच्या घड्याळाकडं बघत होते. काकांनी हात उंच करून ते घड्याळ माझ्याकडं वळवून दाखवलं. सहा एक्कावन्न. काटा अजून बावन्नवर गेलेला नव्हता.

मला हसू फुटलं. पोरीच्या लग्नात आई रडते, मी हसत होते, आणि ते थांबेना. विहीणबाई मला बघून हसायला लागल्या. आम्ही दोघी स्टेजच्या पायरीवर बसून पदर तोंडात धरून हसलो. फोटोग्राफरनं तोच फोटो काढला आहे आणि तो अल्बममध्ये आहे.

पुढं आठवडाभर मी डेअरीला खाली मान घालून गेले. कुणीतरी माझी हाळी मोबाईलवर घेतली होती. मी दिसले की कुणीतरी ती लावायचं, आणि गंमत म्हणजे बाहेर बांधलेली म्हैस खरंच उठून उभी राहायची. जावई पहिल्या सणाला आले तेव्हा उंबऱ्यातूनच म्हणाले, "मामी, हाक मारायच्या आत आलोय." म्हशींचं तर विचारूच नका. सगळ्या गल्लीच्या म्हशी साडेचारला ओरडायच्या आणि डेअरी सहाला उघडायची. त्यांना मागं आणायला पंधरा दिवस लागले, आणि तोवर गल्लीतल्या बायका रोज साडेचारला माझ्या नावानं खडे फोडायच्या, हसून.

लग्नानंतर तीन आठवडे झाले नसतील, वळवाचा वारा सुटला आणि पोरीच्या सासरी गोठ्याचा पत्रा उडून शेजारच्या उसात जाऊन पडला. विहीणबाईंचा फोन आला. "ईनबाई, पत्रा गेला की ओ आमचा."

सून घरात येऊन तीन आठवडे, आणि पत्रा. मी हळूच विचारलं, "कशानं?"

"वाऱ्यानं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कशानं जाणार?"

मी थोडा वेळ थांबले, पुढं काही येतंय का म्हणून. पुढं त्यांनी मारकी म्हैस आता कशी सुधारली ते सांगितलं, आणि माझी लेक पातळ आमटी करते पण चांगली करते, हेही सांगितलं. फोन ठेवला तेव्हा आत्ती सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"त्यांच्या गोठ्याचा पत्रा उडाला," मी म्हणाले. आणि आत गेले नाही. तिथंच त्यांच्यासमोर उभी राहिले.

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. पदरानं खुर्चीचा हात पुसला.

"खिळं बारकं असतील," त्या म्हणाल्या.